न पाहिलेली उद्याने

सन १९४० च्या नोव्हेंबर महिन्यातील नऊ तारीख होती. स्पेन देशातील बार्सिलोना नगरीच्या एका भव्य संगीतगृहात वाद्यवृंद सज्ज होऊन बसला होता. व्हायोलिने, बासऱ्या, शिंगे, तुताऱ्या अशी नाना प्रकारची वाद्ये हाती घेऊन वादक आपापल्या जागी स्थिरावले होते. आणि त्या साऱ्यांच्या पुढे एकच वादक मांडीवर गिटार घेऊन बसला होता. त्याचे नाव रेहिनो साइन्थ दे ला माथा. स्पेनमधील नामांकित गिटारवादकांत त्याची गणना होत असे. परंतु त्या दिवशी खरी कसोटी त्याची नव्हती. कसोटी होती ती, जे संगीत आता वाजावयाचे होते ते रचणाऱ्या होआकिन रोद्रिगो यांची.

गिटार हे मुळातच मृदू आवाजाचे वाद्य आहे. घरातील बैठकीत, चार रसिकांच्या सान्निध्यात ते खुलते. तुताऱ्या आणि शिंगे एकदम वाजू लागली म्हणजे त्याच्या सहा तारांचा झंकार पार बुडून जावयाचा. चाळीसपन्नास वाद्यांच्या समुदायापुढे एकटी गिटार बसविणे म्हणजे भर बाजारात कुणी हळू आवाजात गोष्ट सांगू लागण्यासारखेच होते. रोद्रिगो यांनी हे धाडस केले होते, आणि गिटार ऐकू तरी येईल की नाही या चिंतेने ते स्वतःच ग्रासले होते. त्यांचे वय तेव्हा अडतीस वर्षांचे होते. समोरचा वाद्यवृंद त्यांना दिसत नव्हता, कारण वयाच्या चौथ्या वर्षापासून ते अंध होते. आणखी एक गोष्ट ऐकून तर कुणासही नवल वाटेल. गिटारसाठी एवढी मोठी रचना करणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती!

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राजवळ सागुन्तो नावाचे एक प्राचीन गाव आहे. इसवी सनापूर्वी २१९ साली कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्याला वेढा घातला होता, आणि पुढे रोमन लोकांनी बांधलेले नाट्यगृह तेथील डोंगराच्या उतारावर आजही दृष्टीस पडते. या गावी २२ नोव्हेंबर १९०१ रोजी होआकिनचा जन्म झाला. ख्रिस्ती लोक ज्या संत सेसिलियेला संगीताची अधिष्ठात्री मानतात, तिचा सणही नेमका याच दिवशी असतो. वडील जमीनदार होते, घर भरलेले होते आणि होआकिन हा सर्व भावंडांत धाकटा होता.

१९०५ साली गावात घटसर्पाची साथ आली. हा रोग आज लशीमुळे फारसा दिसत नाही. परंतु त्या काळी तो ज्या घरात शिरे तेथील लहान मुलांवर काळाचीच छाया पडे. कित्येक मुले दगावली. होआकिनचे प्राण वाचले, पण डोळे गेले. आरंभी उजेड व अंधार यांतला भेद त्याला थोडासा कळत असे. पुढे तोही कळेनासा झाला. आईवडिलांना काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. स्वतः रोद्रिगो मात्र पुढील आयुष्यात या गोष्टीविषयी कडवटपणे बोलत नसत. डोळे गेले म्हणूनच आपण संगीताकडे वळलो, असे ते म्हणत.

कुटुंब व्हालेन्सिया शहरात राहावयास आले आणि होआकिन अंध मुलांच्या शाळेत जाऊ लागला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या संगीतशिक्षणास नीट प्रारंभ झाला. तो पियानो व व्हायोलिन शिकला. पुढे नामवंत शिक्षकांपाशी स्वररचनेचे शास्त्रही शिकला. वडिलांनी त्याच्या सोबतीस राफाएल इबान्येस नावाचा एक सहायक ठेवला होता. तो होआकिनचा हात धरून त्याला हवे तेथे नेई, त्याला कथाकादंबऱ्या, काव्ये आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचून दाखवी आणि त्याने रचलेले संगीत कागदावर उतरून घेई. होआकिनला नसलेले डोळे जणू राफाएलने त्याला उसने दिले होते. थोरांच्या चरित्रांत अशा माणसांना एखाददुसरी ओळच मिळते. पण ही माणसे नसती तर ती चरित्रे लिहिण्याची वेळच आली नसती.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील गवई किंवा सतारिया मैफलीत बसला म्हणजे रागाच्या मर्यादेत राहून त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करतो. त्याचे संगीत त्याच्या कंठात आणि बोटांत असते. युरोपातील अभिजात संगीताची रीत निराळी आहे. तेथे रचनाकार एक आणि वादक दुसरे असे बहुधा असते. कोणत्या वाद्याने कोणता स्वर, किती वेळ, किती जोराने वाजवावयाचा हे सारे रचनाकार आधीच लिहून ठेवतो. पाच आडव्या रेषांवर मांडलेली ती स्वरलिपी वाद्यवृंदासाठी लिहिली म्हणजे एकेका पानावर दहाबारा, कधी वीसही ओळी एकाखाली एक येतात. डोळसाचीही ते लिहिताना दमछाक होते. मग अंधाने ते कसे लिहावे?

त्याला उत्तर दिले होते लुई ब्रेल या फ्रेंच अंध शिक्षकाने. तो १८०९ साली जन्मला आणि १८५२ साली वारला. सहा उंचवट्यांचे ठिपके निरनिराळ्या रीतीने मांडून त्याने बोटांनी वाचता येईल अशी लिपी तयार केली. सहा ठिपक्यांपासून त्रेसष्ट निरनिराळी चिन्हे होतात. त्यांत अक्षरे बसतात, अंक बसतात आणि संगीताचे स्वरही बसतात. आपली मराठीही आज याच सहा ठिपक्यांत लिहिली व वाचली जाते. ब्रेल स्वतः उत्तम ऑर्गनवादक होता. तेव्हा अंधांना संगीत लिहिता आले पाहिजे याची तळमळ त्याला असावी यात आश्चर्य नाही.

रोद्रिगो आपले संगीत प्रथम ब्रेल यंत्रावर लिहीत. परंतु ब्रेलचे ठिपके डोळस वादकांच्या काय उपयोगाचे? म्हणून दुसरी पायरी येई. ठिपक्यांवर बोटे फिरवीत रोद्रिगो एकेक स्वर तोंडाने सांगत आणि लेखनिक तो पाच रेषांवर उतरून घेई. स्वर कोणता, सप्तक कोणते, तो शुद्ध की कोमल, मात्रा किती, आवाज मोठा की हलका, पुढच्या स्वराला जोडलेला की तुटक, हे प्रत्येक स्वराविषयी सांगावयाचे. एक वाद्य संपले की दुसरे. मग तिसरे. अवघ्या एका मिनिटात वाजून संपणाऱ्या संगीतासाठी अशी शेकडो वाक्ये उच्चारावी लागत. सर्व लिहून झाले म्हणजे ते पियानोवर वाजवून तपासावयाचे. संगीत सुचण्यापेक्षा ते कागदावर उतरण्यासच अधिक काळ लागे. एवढ्या अवधीत सुचलेली रचना जशीच्या तशी मनात धरून ठेवावयाची, तिचा एकही धागा निसटू द्यावयाचा नाही, हे काम किती कठीण! रोद्रिगो यांनी ते जन्मभर केले.

व्हालेन्सियात त्यांच्या प्रारंभीच्या रचनांचे कौतुक होऊ लागले. १९२६ साली त्यांनी गिटारसाठी पहिली रचना केली. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात गिटारसारखेच व्हिउएला नावाचे वाद्य प्रचारात होते. व्हालेन्सियाच्या लुइस मिलान याने १५३६ साली त्या वाद्यासाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्या जुन्या कलावंताला वाहिलेली ही रचना होती. गतकाळच्या स्पेनचे सूर आपल्या काळात पुन्हा जागवावे, ही ओढ त्यांच्या ठिकाणी अगदी तरुणपणापासून दिसते.

१९२७ साली ते पॅरिसला गेले. राफाएल बरोबर होताच. पॅरिस हे त्या काळी युरोपातील संगीताचे माहेरघर होते. तेथे पॉल द्युका या श्रेष्ठ रचनाकारापाशी त्यांनी पाच वर्षे अध्ययन केले. १९२८ साली स्पेनचे विख्यात संगीतकार मान्युएल दे फाया यांचा फ्रेंच सरकारने पॅरिसमध्ये सन्मान केला. त्या समारंभात आपल्याच रचना वाजाव्या असे फाया यांनी म्हटले असते तर त्यात काहीच वावगे नव्हते. परंतु त्यांनी आग्रह धरला तो रोद्रिगो यांनी आपले संगीत तेथे वाजवावे असा. एका अप्रसिद्ध अंध तरुणाला पॅरिसच्या रसिकांपुढे बसविणारा हा थोर माणूस रोद्रिगो कधीच विसरले नाहीत. फाया यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी, १९६१ साली, त्यांनी गिटारसाठी जी एक अतिशय अवघड व सुंदर रचना केली, ती फाया यांच्याच स्मृतीस अर्पण केलेली आहे.

पॅरिसमध्येच त्यांची व्हिक्टोरिया कामी हिच्याशी ओळख झाली. ती तुर्कस्थानातील इस्तंबूल शहरी जन्मलेली, अनेक भाषा जाणणारी, निपुण पियानोवादिका होती. रोद्रिगोंची रचना ऐकून ती प्रभावित झाली व त्यांना भेटावयास गेली. जानेवारी १९३३ मध्ये व्हालेन्सिया येथे त्यांचा विवाह झाला. व्हिक्टोरियाबाईंनी स्वतःच्या मैफलींची आकांक्षा मागे ठेवली आणि पतीच्या संगीताला वाहून घेतले. प्राप्ती मात्र इतकी तुटपुंजी होती की काही काळ पतीला व्हालेन्सियात व पत्नीला पॅरिसला आपल्या माणसांत राहणे भाग पडले. पुढे रोद्रिगोंना एक शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कुठे त्यांचा संसार पुन्हा एकत्र झाला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले आणि ती शिष्यवृत्तीही बंद पडली. परक्या मुलखात, हाती पैसा नाही, मायदेशी परतावे तर तेथे भाऊ भावाशी लढत आहे, अशा स्थितीत जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील अंधांच्या एका संस्थेने या दांपत्याला आसरा दिला. राहण्याच्या मोबदल्यात ती दोघे तेथे स्पॅनिश भाषेचे व संगीताचे धडे देत.

१९३८ सालच्या सप्टेंबर महिन्यात, स्पेनमधील सान सेबास्तियान या गावी रोद्रिगो एका स्नेह्याकडे जेवावयास गेले होते. साइन्थ दे ला माथाही पंक्तीस होता. गप्पा रंगात आल्या असता त्याने एकाएकी सुचविले, की गिटार व वाद्यवृंद यांसाठी तुम्ही एक कॉन्चेर्टो लिहावा. एक प्रमुख वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचा जो संवाद चालतो, त्या रचनेला कॉन्चेर्टो म्हणतात. पियानोसाठी, व्हायोलिनसाठी असे कॉन्चेर्टो पुष्कळ होते. गिटारसाठीही पूर्वी काही लिहिले गेले होते. पण ते बव्हंशी विस्मृतीत गेले होते. जेवणाच्या खुशीत रोद्रिगो यांनी रुकार देऊन टाकला. एखादा शब्द हसतखेळत तोंडून जातो आणि मग तो पाळावा लागतो, तसेच हे झाले.

दोनएक महिन्यांनी ते पॅरिसमधील आपल्या लहानशा खोलीत उभे होते. मनात त्या रचनेचेच विचार घोळत होते. तोच अंतर्यामी कुणी गात असावे त्याप्रमाणे एक संथ, करुण चाल त्यांना आरंभापासून शेवटपर्यंत ऐकू आली. तिच्या पाठोपाठ शेवटच्या भागाची चालही आली. म्हणजे तीन भागांपैकी दुसरा व तिसरा आपण होऊन चालत आले. पहिला भाग मात्र त्यांना विचार करकरून, हिशोब मांडून, नेटाने घडवावा लागला. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे सांगितली आहे. प्रतिभा आणि परिश्रम यांचे प्रमाण काय असावे, याविषयी लोक पुष्कळ वाद घालतात. रोद्रिगोंच्या या रचनेत दोन भाग प्रतिभेचे व एक भाग परिश्रमाचा निघाला. आणि ऐकणाऱ्याला यांतला सांधा कोठेच जाणवत नाही.

या रचनेस त्यांनी नाव दिले ते अरांहुएथचे. माद्रिदच्या दक्षिणेस, ताहो नदीच्या काठी अरांहुएथ हे गाव आहे. तेथे स्पेनच्या राजांचा प्रासाद आणि त्याभोवती विस्तीर्ण उद्याने आहेत. उंच वृक्षांच्या रांगा, जागोजागी कारंजी, पुतळे आणि फुलांचे ताटवे यांनी ही उद्याने शोभतात. विवाहानंतरच्या सुखाच्या दिवसांत रोद्रिगो आणि व्हिक्टोरियाबाई येथे हिंडली होती. रोद्रिगोंना तेथील एकही झाड दिसले नाही. परंतु चंपकाच्या जातीतील मॅग्नोलियाचा गंध, पाखरांची किलबिल आणि कारंज्यांचे पाणी पडतानाचा आवाज हे सर्व त्यांनी साठवून ठेवले होते, आणि तेच आपल्या संगीतात यावे अशी त्यांची इच्छा होती. डोळसांनी या बागा पाहून चित्रे काढली, वर्णने लिहिली. पण आज जगात अरांहुएथ म्हटले म्हणजे पुष्कळांना आधी आठवते ते न पाहणाऱ्याने केलेले हे संगीत.

१९३९ च्या वसंत ऋतूत ही रचना आकारास येत असतानाच घरावर आघात झाला. व्हिक्टोरियाबाई गर्भवती होत्या. त्या अतिशय आजारी पडल्या आणि पहिले मूल जगात येण्यापूर्वीच गेले. त्यांच्याही जिवाची शाश्वती उरली नव्हती. पत्नी रुग्णालयात, घर रिकामे. आणि अंधारात, ज्याला दिवा लावण्याचे प्रयोजनच नाही असा तो पती एकटाच पियानोवर ती संथ चाल पुनःपुन्हा वाजवीत बसे. कॉन्चेर्टोचा दुसरा भाग ऐकताना जी व्यथा जाणवते तिचे मूळ कशात आहे, हे या दांपत्याने पुढे अनेक वर्षे कुणास सांगितले नाही. त्यामुळे लोकांनी आपापले तर्क केले. यादवी युद्धात १९३७ साली गेर्निका गावावर विमानांतून बॉम्बवर्षाव होऊन ते उद्ध्वस्त झाले, त्या शोकाचे हे संगीत आहे असेही पुष्कळांनी मानले. अखेर व्हिक्टोरियाबाईंनीच वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत खुलासा केला, की त्या बागांतून हिंडताना अनुभवलेले सुख आणि गेलेल्या बाळाचे दुःख अशी दोन्ही त्या एका चालीत आहेत. त्यांत सुख किती व दुःख किती, हे वेगळे काढून दाखविणे मात्र कुणालाच शक्य नाही.

व्हिक्टोरियाबाई सुदैवाने बऱ्या झाल्या. सप्टेंबर १९३९ च्या प्रारंभी, दुसरे महायुद्ध पेटत असतानाच, पतिपत्नींनी फ्रान्सची सरहद्द ओलांडून मायदेशात पाऊल ठेवले. त्यांच्या सामानात अरांहुएथ कॉन्चेर्टोचे हस्तलिखित होते.

आता त्या नोव्हेंबरच्या दिवसाकडे पुन्हा वळू. गिटारचा आवाज वाद्यवृंदाने गिळून टाकू नये यासाठी रोद्रिगोंनी काय केले होते? आज पुष्कळदा अशा वेळी ध्वनिवर्धक लावतात. रोद्रिगोंनी हा प्रश्न सोडविला तो लेखणीने. त्यांनी वाद्यवृंद मुळात बेताचाच ठेवला; नगाऱ्यांसारख्या वाद्यांना त्यात स्थान दिले नाही. गिटार बोलू लागली की इतर वाद्ये गप्प होतात, किंवा त्यांपैकी एखाददुसरेच हळू आवाजात साथ करते. गिटारचे म्हणणे संपले की मग सर्वजण मिळून उत्तर देतात. सभ्य मंडळींच्या बैठकीत वडीलधारा माणूस हलक्या आवाजात बोलत असला म्हणजे इतरेजन जसे आपोआप शांत होतात, तसेच येथे घडते.

कॉन्चेर्टोचा आरंभच गिटार करते. वादक उजव्या हाताची बोटे तारांवरून झपाट्याने फिरवून स्वरपुंज उमटवितो. स्पेनच्या लोकनृत्यांत गिटार अशीच वाजते. सहा मात्रांचे कधी तीन-तीनचे दोन गट, तर कधी दोन-दोनचे तीन गट अशी लय सारखी पालटत राहते, आणि ऐकणाऱ्याचे पाऊल नकळत ठेका धरते. आपल्या सतारीवर पडदे असतात तसेच गिटारलाही असतात. पण सतारिया बोटात तारेची नखी घालून एका मुख्य तारेवर चाल वाजवितो. उलट गिटारिया अंगठा व तीन बोटे यांच्या नखांनी अनेक तारा एकाच वेळी छेडू शकतो. एकाच वाद्यातून चाल व तिची साथ दोन्ही निघतात. याचमुळे गिटारसाठी लिहिणे फार अवघड. डाव्या हाताच्या चार बोटांनी कोणते स्वर एकदम दाबता येतील आणि कोणते येणार नाहीत, हे वाजविणाऱ्यालाच नीट कळते. रोद्रिगोंनी हे ज्ञान कानांनी आणि विचाराने मिळविले. त्यांच्या रचना वाजविताना बोटांची फार ओढाताण होते, अशी तक्रार वादक अजूनही करतात. आणि तरीही त्या वाजविल्यावाचून त्यांना राहवत नाही.

मग येतो दुसरा भाग. गिटार केवळ सावकाश स्वरपुंज छेडीत राहते आणि तिच्यावरून ती प्रसिद्ध चाल प्रथम उमटते ती एका सुषिर वाद्यातून. त्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात, पण ते शिंग नव्हे. सनईला जशी जिभाळी असते तशीच त्यालाही असते, म्हणून ते आपल्या सनईच्याच कुळातले. आवाज मात्र अधिक खोल आणि उदास. ते एक वाक्य म्हणते. गिटार तेच वाक्य आपल्या परीने, थोडे अलंकार घालून पुन्हा म्हणते. असा संवाद बराच वेळ चालतो. पुढे सारी वाद्ये थांबतात आणि गिटार एकटी उरते. खर्जाच्या तारांवर ती जणू स्वतःशीच बोलू लागते. स्वर हळूहळू चढत जातात, गती वाढते, तारांवरील आघात अधिकाधिक तीव्र होत जातात. आणि आता याहून अधिक या दुबळ्या वाद्याला सांगता येणार नाही असे वाटते, त्याच क्षणी इतका वेळ स्तब्ध असलेला सारा वाद्यवृंद ती चाल मोठ्याने गाऊ लागतो. गिटारला ज्या दुःखाचे ओझे एकटीला पेलवेना ते सर्वांनी मिळून उचलावे, तसे ते वाटते. नंतर पुन्हा शांतता पसरते आणि गिटारचे अगदी बारीक स्वर वर वर जात विरून जातात.

तिसरा भाग हलकाफुलका, जुन्या दरबारी नृत्याच्या वळणाचा आहे. दुसऱ्या भागानंतर तो थोडा फिका वाटतो, असे म्हणणारे जाणकार आहेत; परंतु रडून झाल्यावर डोळे पुसून पुन्हा चार माणसांत यावेच लागते. सारी रचना जेमतेम वीसबावीस मिनिटांची आहे.

गिटार ऐकू आली! बार्सिलोनाच्या श्रोत्यांनी कॉन्चेर्टोचे उत्साहाने स्वागत केले. पुढच्याच महिन्यात तो माद्रिदमध्ये वाजला. १९४७ साली नार्थिसो येपेस या तरुण वादकाने आताउल्फो आर्खेन्ता यांच्या संचालनाखाली माद्रिदला तो वाजविला आणि नंतर देशोदेशी नेला. ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेत अमेरिकेतील जाझ संगीताचा थोर तुतारीवादक माइल्स डेव्हिस याने दुसऱ्या भागाची चाल आपल्या पद्धतीने वाजविली. स्पेनचे सर्वांत विख्यात गिटारवादक आंद्रेस सेगोविया यांनी मात्र हा कॉन्चेर्टो कधीच वाजविला नाही. त्यांच्यासाठी रोद्रिगोंनी १९५४ साली, सतराव्या शतकातील गास्पार सान्थ या गिटारवादकाच्या जुन्या चालींवरून एक निराळी रचना केली. ती सेगोवियांनी १९५८ साली अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को येथे प्रथम वाजविली.

१९४१ च्या जानेवारीत रोद्रिगो दांपत्याला कन्या झाली. तिचे नाव सेसिलिया. रोद्रिगो माद्रिदला स्थायिक झाले, विद्यापीठात संगीताचे अध्यापन करू लागले, वृत्तपत्रांतून संगीतावर लिहू लागले आणि रचना तर अखंड करीत राहिले. चार गिटारींसाठी, चेलोसाठी, बासरीसाठी, हार्पसाठी, गायकांसाठी त्यांनी विपुल लिहिले. लोकांनी मात्र पुष्कळदा त्यांची एकच रचना ऐकली आणि तेवढ्यावरच ते थांबले. हा त्यांच्यावर थोडासा अन्यायच म्हणावा लागेल. वृद्धापकाळपर्यंत त्यांच्या कामाची रीत तीच होती: ब्रेलचे यंत्र, ठिपक्यांवरून फिरणारी बोटे, एकेक स्वर सांगणे, आणि तो तपासून पाहणाऱ्या व्हिक्टोरियाबाई.

१९९१ साली स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी त्यांना सरदारकी बहाल केली. अशा वेळी एखाद्या जहागिरीचे अथवा गावाचे नाव पदवीस जोडण्याचा प्रघात आहे. रोद्रिगोंना मिळालेली पदवी होती, ‘अरांहुएथच्या उद्यानांचे मार्क्विस’.

१९९७ च्या जुलैमध्ये व्हिक्टोरियाबाई वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ जुलै १९९९ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी रोद्रिगोंचा माद्रिद येथे अंत झाला. दोघांच्याही समाधी अरांहुएथ येथे आहेत.